तोफ ओढणाऱ्याचा भाव
(अहमदपूर येथील बैठकीत झालेले भाषण)



उदगीर आपल्या शेजारचे. 1760 साली, ज्वारी हुरड्यात यायच्या दिवसांत, सदाशिवरावभाऊंनी तिथेच निजामाला घेरले. 3 फेब्रुवारीला निजामाची फौज मोडली आणि साठ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. इब्राहीमखान गारद्याच्या तोफखान्याचे नाव झाले. पण या काळ्या रानातून त्या तोफा ओढल्या कोणी? बैलांनी. एकेका जड तोफेला कितीतरी जोड्या लागत. इब्राहीमखानाचे नाव पोरांनाही पाठ आहे. बैल हाकणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक आहे का?

मार्चमध्ये परतूरहून फौज उत्तरेला निघाली. दिल्ली गाठायला ऑगस्ट उजाडला. जड तोफा, वाटेत पावसाळा, नद्यांना पूर. नोव्हेंबरात पानिपतावर तळ पडला आणि अब्दालीने रसद तोडली. भर थंडीत वैरण संपली, दाणा संपला, दावणीला जनावरे उपाशी मेली. 14 जानेवारी 1761 ला लढाई झाली, तेव्हा जड तोफा जागच्या हलवणे कठीण होते. अब्दालीच्या हलक्या तोफा उंटांच्या पाठीवर होत्या, नेईल तिकडे जात. तोफेचा पल्ला कितीही लांब असो, ती चालते बैलावर, आणि बैल चालतो कडब्यावर.

यानंतर पंधरा वर्षांनी अमेरिकेत असाच प्रसंग आला. तिथले लोक इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उठले होते. बोस्टन शहर इंग्रजांच्या ताब्यात होते आणि बंडवाल्यांकडे मोठ्या तोफा नव्हत्या. हेन्री नॉक्स नावाचा पंचवीस वर्षांचा पुस्तकविक्या डिसेंबर 1775 मध्ये टायकोंडेरोगा किल्ल्यावर गेला. तिथल्या 59 तोफा, वजन सुमारे 60 टन, त्याला पाचशे किलोमीटरच्या आसपास न्यायच्या होत्या. बर्फात चाक रुतते, म्हणून बिनचाकाच्या घसरगाड्या घेतल्या.

आता भावाचे ऐका. पामर नावाच्या माणसाने दोन बैलजोड्यांना रोज 24 शिलिंग मागितले. जनरल स्कायलर 18 शिलिंग 9 पेन्सांवर अडला. बोलणे तुटले, पामरला घरी पाठवले. मग गावोगाव माणसे धाडली, घोड्यांच्या जोडीला रोज 12 शिलिंग कबूल केले, आणि 124 च्या आसपास जोड्या उभ्या राहिल्या. पुढच्या वाटेवर बैलही जुंपले. बर्फ वितळले की काफिला थांबे. ऑल्बनीजवळ नदीवरचा बर्फ फुटून एक तोफ बुडाली, ती गावकऱ्यांनी हात लावून वर काढली. जानेवारीअखेर तोफा पोचल्या. मार्चमध्ये त्या बोस्टनजवळच्या टेकडीवर चढवल्या आणि 17 मार्च 1776 ला इंग्रज शहर सोडून गेले.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, ओढणाऱ्यावाचून जनरलचेही चालत नाही. त्याला समोर बसून दर बोलावाच लागला. दुसरी, पामर एकटा होता. त्याचा भाव वाजवी होता की नव्हता, हा प्रश्नच उरला नाही, कारण शेजारचा दुसऱ्या दराने जोडी घेऊन उभा राहिला.

आपल्या कापसाचे आणि ज्वारीचे हेच होते. तेव्हा माल गाडीत भरण्याआधी कडबा, सरकी, भाडे, हमाली, घरच्या माणसांची मजुरी कागदावर मांडा. गावात बसून एक दर ठरवा. बैल जुंपायचे ते त्यानंतर.