वाळूतली भाजी आणि पाण्याचा ताण

रेताड जमिनीत भाजीला पाण्याचा ताण बसतो तो अचानक. मराठवाड्यातली काळी माती भेगाळत जाते, कित्येक दिवस आधी इशारा देते. जयपूरभोवतालच्या वाळूसर जमिनीत वाफसा टिकतच नाही; सोमवारी टवटवीत दिसलेले झाड गुरुवारी मान टाकते. ताण सावकाश आला तर झाड मुळे खोल धाडते, पेशींत साखर साठवते. वाळूत तेवढी सवड मिळत नाही.

काळी माती म्हणजे महिन्याचे वाणसामान एकदम भरणारे घर; वाळू म्हणजे रोज पुडी आणणारे. मीटरभर खोल भारी मातीत झाडाला उचलता येईल असे पाणी सुमारे 200 मिलिमीटर असते, वाळूत सुमारे 60. कांद्याची बहुतेक मुळे वरच्या 30 सेंटीमीटरमध्ये, म्हणजे त्याच्या वाट्याला 18. मे महिन्यात दिवसाचा खर्च सहा-सात. तिसऱ्या दिवशी डबा खडखडीत. अशा घरात पोतेभर धान्य आणून ओतले तरी ठेवायला जागा नसते; जादा पाणी मुळांखाली उतरते आणि नत्रही सोबत नेते. तरीही आठवड्यातून एकदा धो-धो पाणी सोडण्याची खोड सुटत नाही, जयपुरातल्या आदर्श नगरच्या परसबागेत नाही आणि शेतातही नाही. पाणी थोडे, पण वारंवार हवे.

ताणाचा घाव प्रत्येक भाजीवर वेगळ्या जागी बसतो. मिरची-टोमॅटोची फुले गळतात. टोमॅटोला कॅल्शियम पाण्याबरोबरच पोचते, म्हणून पाणी तुटले की फळाचे टोक काळे पडून सडते. काकडी कडू होते, भेंडी निबर, मुळा तिखट आणि पोकळ.

वाणांची गोष्ट इथेच फसवी होते. पाकिटावरचे ‘दुष्काळ सहनशील’ हे शब्द वाचून निर्धास्त होणे बरे नव्हे. तग धरणे वेगळे, माल देणे वेगळे. काही वाण ताण सोसतात, काही त्याच्या आधीच पीक देऊन मोकळे होतात. जयपूरच्याच दुर्गापुरा संशोधन केंद्राचे ‘दुर्गापुरा मधु’ हे खरबूज लवकर तयार होणाऱ्यांतले. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने निवडलेली ‘एएचके-119’ ही काचरी, म्हणजे काकडीच्या कुळातले छोटे फळ, मुळातच वाळवंटी गोतातली. पण अशा वाणालाही फूल-फळधारणेच्या दिवसांत पाणी चुकले की झाड हिरवे राहते आणि टोपली रिकामी. पुन्हा तेच: तग म्हणजे उत्पन्न नव्हे.

आच्छादन आणि ठिबकाचा विषय मोठा आहे, तो इथे मावणारा नाही. शेणखताने वाळूतला डबा थोडा मोठा होतो. मात्र इथल्या उन्हात ते झपाट्याने कुजून संपते, म्हणून दर हंगामात नव्याने घालावे लागते.