बाळू पळवणकर, जॅकी रॉबिन्सन आणि ‘अपवाद’ असण्याची किंमत

(कोरमंगला, बंगळुरू इथे तरुण नोकरदार आणि विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनगटात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आपण बसलोय तिथून राष्ट्रीय क्रीडा ग्राम जवळच आहे. १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी आलेल्या खेळाडूंसाठी त्या इमारती उभ्या राहिल्या. मैदानावर जात नसते, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. ते कितपत खरं आहे, हे आज दोन खेळाडूंच्या आयुष्यातून पाहू. एक अमेरिकेतला बेसबॉलपटू, दुसरा आपला.

आपला आधी. बाळू पळवणकर. जन्म १८७६, याच कर्नाटकातल्या धारवाडचा. घराणं कोकणातल्या पळवण गावचं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, महिना ३ रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचं आणि रोलर फिरवण्याचं. मग युरोपियनांच्या पूना जिमखान्यात महिना ४ रुपये. तिथे ते जे. जी. ग्रेग या नामवंत फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी करत. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्याला येत नसे. गोलंदाजी हे अंगमेहनतीचं काम, फलंदाजी ही साहेबाची मौज. ग्रेगच्या फलंदाजीचं कौतुक झालं, पण तिच्यामागे एका चर्मकार मुलाच्या डाव्या हाताची मजुरी होती. ‘मेरिट’ हा शब्द पुन्हा ऐकाल, तेव्हा ही गोष्ट आठवा. कुणाचं तरी मेरिट घडवायला दुसऱ्या कुणीतरी दिवसभर चेंडू टाकलेला असतो.

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांच्या संघाला हरवायचं होतं, म्हणून बाळू हवे होते. त्यांना घ्यायचं की नाही यावर वाद झाला आणि शेवटी घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचं ताट वेगळं असे.

पुढे ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी लागली, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा हा मान बाळूंचा होता, असं त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. पण एका भल्या माणसाच्या बोलण्याने व्यवस्था हलली नाही.

आता दुसरा. जॅकी रॉबिन्सन, जन्म १९१९, अमेरिकेतल्या जॉर्जियात. तिथल्या मुख्य बेसबॉल स्पर्धांत काळे खेळाडू घ्यायचे नाहीत, हाही अलिखित करार होता. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून रॉबिन्सनने तो मोडला. संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांची अट होती की शिव्या पडतील, चेंडू अंगावर येतील, तरी उलट उत्तर द्यायचं नाही. आपल्यातल्या किती जणांनी पहिल्या नोकरीत हीच अट, कुणी न सांगता, पाळली आहे?

१९४९ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, १९५५ मध्ये संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली, १९५६ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. ऑक्टोबर १९७२ मध्ये, त्याच्या पदार्पणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सत्कार झाला. तिथे त्याने सांगितलं की मला एखादा काळा मॅनेजर पाहायचा आहे. नऊ दिवसांनी तो वारला. पहिला काळा मॅनेजर १९७५ मध्ये झाला. म्हणजे खेळायला दार उघडलं, पण सूत्रं हातात यायला आणखी अठ्ठावीस वर्षं लागली. कर्णधारपदाचीच ही गोष्ट आहे.

यशस्वी अपवादाचं व्यवस्था काय करते, तेही पाहू. १९४९ मध्ये रॉबिन्सनला अमेरिकी संसदेच्या एका समितीसमोर बोलावलं गेलं, गायक-नट पॉल रोबसनच्या विरोधात बोलण्यासाठी. याच रोबसनने १९४३ मध्ये क्लबमालकांसमोर उभं राहून काळ्या खेळाडूंना घ्या म्हणून सांगितलं होतं. रॉबिन्सनने वर्णभेदावरही टीका केली, पण वर्तमानपत्रांना हवं होतं ते त्यांनी उचललं.

आणि बाळू? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले.

एका कंपनीच्या विविधता सप्ताहासाठी मी बाळूंवर टिपण दिलं होतं. उत्तर आलं, खूप प्रेरणादायी आहे, फक्त शेवटचा १९३२ नंतरचा भाग काढा. आपल्याकडचे काही जण उलट करतात. ते फक्त १९३७ लक्षात ठेवतात आणि उरलेला माणूस पुसून टाकतात. मला दोन्ही मान्य नाही. बाळूंना गद्दार म्हणणं सोपं आहे. पण त्यांचा अनुभव काय होता? जिंकत राहिलं की दार थोडं थोडं उघडतं. सुधारणा होईल यावर त्यांनी विश्वास ठेवला, कारण त्यांच्यापुरती ती थोडी झाली होती. बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता. ज्याच्याकडे डावा हात नाही, ११४ बळी नाहीत, त्याचं काय? त्याचा हक्क कुणाच्या मर्जीवर का असावा?

आणि दार खरंच कशाने उघडलं, ते १९२० सालात पाहा. त्या वर्षी बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी पडले, तेव्हा कर्णधारपद ज्येष्ठ पळवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना दिलं गेलं. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी जाहीर निवेदन काढून संघ सोडला. गदारोळ झाला. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचं नेतृत्व बाळूंकडे आलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. इतक्या वर्षांच्या बळींनी जे झालं नाही, ते दोघांनी मिळून दिलेल्या नकाराने झालं.

आपण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. ऑफिसात, विभागात बहुतेक ठिकाणी आपण एकटेच असतो, आणि एकट्याला ‘अपवाद’ म्हणून मिरवणं व्यवस्थेला परवडतं. म्हणून काम उत्तम कराच, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. आपल्या मजल्यावर आपल्यासारखं आणखी कोण आहे ते शोधा. बढतीची यादी लागली की त्यात कोण नाही, ते मोजा. आणि तुम्हाला आपल्याच माणसाविरुद्ध बोलायला व्यासपीठ मिळालं, तर ते आत्ताच का मिळतंय, हे आधी विचारा.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. त्यांची गोष्ट सांगाल तेव्हा पूर्ण सांगा. चहाच्या मातीच्या भांड्यासकट, ११४ बळींसकट, १९३७ सकट, आणि त्या दोन भावांच्या निवेदनासकट.

जय भीम.