संगणकाचा पहारेकरी : निवड, संमती आणि सुरक्षितता



परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीची रक्कम आणि निकाल या चारही गोष्टी आज संगणकाच्या पडद्यावरूनच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात. त्यामुळे संगणकाची सुरक्षितता हा केवळ अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय राहिलेला नाही. विषाणूरोधक सॉफ्टवेअर, म्हणजेच अँटिव्हायरस, कोणते निवडावे आणि नको असलेले कसे काढावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो विश्वासाचा आणि वापरकर्त्याच्या संमतीचा प्रश्न आहे.

पुण्यातील प्रारंभ

आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी तयार केला होता. फ्लॉपीवरून एका संगणकातून दुसऱ्यात जाणाऱ्या अशा विषाणूंचा उपद्रव लवकरच भारतातही जाणवू लागला. त्यावरील एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रात आकारास आले. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात प्रवेश केला. त्यांचे बंधू संजय काटकर यांनी संगणकशास्त्राच्या अभ्यासाची जोड देऊन विषाणू काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे उत्पादन बाजारात आले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. चेन्नईतील के-सेव्हन आणि मुंबईतील ई-स्कॅन ही याच क्षेत्रातील अन्य भारतीय उत्पादने होत.

पहारेकऱ्याचे अधिकार

अँटिव्हायरस मुख्यतः दोन प्रकारे काम करते. एक, ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी जवळ ठेवून प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून पाहणे. दोन, एखादा प्रोग्राम संशयास्पद वर्तन करीत आहे काय, यावर लक्ष ठेवणे. या दोन्ही कामांसाठी त्याला संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत प्रवेश द्यावा लागतो. घराच्या सर्व किल्ल्या पहारेकऱ्याच्या हाती सोपवाव्यात, तसाच हा प्रकार आहे.

या अधिकाराचे गांभीर्य १९ जुलै २०२४ रोजी जगाच्या लक्षात आले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हा कोणत्याही शत्रूचा हल्ला नव्हता. ती संरक्षकाचीच चूक होती.

नकोसे सॉफ्टवेअर येते कोठून?

नको असलेले अँटिव्हायरस चार मार्गांनी संगणकात शिरते. नव्या संगणकासोबत मर्यादित मुदतीची चाचणी आवृत्ती आलेली असते. एखादे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेताना आधीच खूण केलेल्या चौकटीतून दुसरेच उत्पादन सोबत येते. तिसरा मार्ग उघड फसवणुकीचा असतो. ‘तुमच्या संगणकात शेकडो विषाणू सापडले आहेत’ अशी खोटी सूचना दाखवून बनावट अँटिव्हायरस विकले जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये अशा एका टोळीविरुद्ध कारवाई केली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसविले गेल्याचा आरोप ठेवण्यात आला होता.

चौथा मार्ग सर्वाधिक विचार करायला लावणारा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव रशियातील कॅस्परस्की कंपनीच्या अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये तेथील अनेक ग्राहकांच्या संगणकांवरून ते आपोआप नाहीसे होऊन त्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ नावाचे दुसरेच उत्पादन आले. ग्राहकांना ई-मेलने कळविले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. आपणांस कल्पनाच नव्हती, अशी अनेक वापरकर्त्यांची तक्रार होती. एकदा सोपविलेल्या किल्ल्या तिसऱ्याच्या हाती जाऊ शकतात, हा या घटनेचा धडा होय.

काढून टाकण्याची योग्य पद्धत

असे सॉफ्टवेअर केवळ पडद्यावरील चिन्ह पुसून जात नाही. त्याचे काही भाग संगणक सुरू होतानाच कार्यरत होतात. म्हणून पुढील क्रम पाळणे हितावह ठरते. प्रथम महत्त्वाच्या फाईल्सची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. सशुल्क उत्पादन असल्यास खात्यातून आपोआप होणारे नूतनीकरण रद्द करावे. सॉफ्टवेअर काढल्याने पैसे कापले जाणे थांबत नाही. नंतर विंडोजच्या सेटिंग्जमधील अॅप्सच्या यादीतून ते ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही अवशेष राहिल्यास त्याच उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरील निर्मूलन साधन वापरावे. गरज भासल्यास ते ‘सेफ मोड’मध्ये चालवावे. बनावट उत्पादनाच्या बाबतीत मात्र त्याच्याच निर्मात्याचे साधन घेऊ नये. विश्वासार्ह अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी.

शेवटची पायरी अनेकदा विसरली जाते. जुना पहारेकरी गेल्यावर नवा जागेवर आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. २०१२ मधील विंडोज ८ पासून विंडोजमध्येच डिफेंडर हे अँटिव्हायरस विनामूल्य अंतर्भूत आहे. दुसरे उत्पादन बसविले की सामान्यतः ते बाजूला होते आणि ते उत्पादन काढले की पुन्हा सुरू होते. तसे झाल्याची खात्री ‘विंडोज सिक्युरिटी’ या विभागात करता येते. सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर ठेवू नयेत. ती एकमेकांच्याच कामावर संशय घेतात आणि संगणक मंदावतो.

निवडीचे निकष

निवड करताना जाहिरातीपेक्षा स्वतंत्र परीक्षणास महत्त्व द्यावे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था उत्पादनांची नियमित चाचणी घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. विषाणू किती पकडले याबरोबरच निर्दोष फाईल्सना किती वेळा दोषी ठरविले, हेही त्यांत पाहावे. दुसरा निकष माहितीच्या गोपनीयतेचा. वापरकर्त्यांच्या इंटरनेट वापराची माहिती विकल्याच्या प्रकरणात अव्हास्ट कंपनीला २०२४ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. ‘मोफत’ या शब्दाची किंमत कोण आणि कशी चुकविते, हा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही. स्वदेशी असो वा विदेशी, प्रत्येक उत्पादनास हेच निकष लावणे न्याय्य होय.

कायदा आणि शासनाची भूमिका

मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषाणूने जगभर हानी केली. परंतु फिलिपाइन्समध्ये त्यावेळी लागू होईल असा कायदा नसल्यामुळे तेथील संशयितावर खटला चालू शकला नाही. भारतात त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० रोजी, माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. त्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘परवानगी’ हा शब्द येथे कळीचा आहे.

२००४ मध्ये कार्यान्वित झालेल्या सर्ट-इन या संस्थेस २००८ च्या दुरुस्तीने कलम ७०-ब अन्वये राष्ट्रीय यंत्रणेचा दर्जा मिळाला. २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना विहित सायबर घटनांची माहिती तिला सहा तासांच्या आत द्यावी लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्रामार्फत नागरिकांना विषाणू निर्मूलनाची साधने विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली असून त्यासाठी भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांचे सहकार्य लाभले. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

समारोप

अँटिव्हायरस हे सुरक्षिततेचे एक अंग आहे, संपूर्ण सुरक्षितता नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने हाहाकार माजविला, त्याच्या सुमारे दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने संबंधित त्रुटी दूर करणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नाही, त्यांनाच प्रामुख्याने फटका बसला. विंडोज १० ची नियमित साहाय्य मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने जुने संगणक वापरणाऱ्या शाळा, ग्रंथालये आणि अभ्यासिकांनी याचा विचार करणे अगत्याचे आहे. संगणकात काय आहे, ते कोणी ठेवले आणि त्यास संमती कोणी दिली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी असतील, त्याचाच संगणक खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचा राहील.