वास येतोय, हे सांगायचं कुणी?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी बजावलं होतं, ‘दहा मिनिटं बोल, पण नोकरीबद्दल नको.’ म्हणून कॉम्प्युटर बाजूला ठेवून आज जरा अवघड विषय घेतला आहे : अंगाचा आणि तोंडाचा वास. हसू नका! जेवणाला वेळ आहे, म्हणूनच आधी उरकून घेते.

अवघड अशासाठी, की ज्याच्या अंगाला वास येतो त्यालाच तो बहुधा कळत नाही. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होऊन जाते. इतरांना मात्र कळतो. ते खुर्ची सरकवतात, पाठीमागे नावं ठेवतात, पण तोंडावर कुणी सांगत नाही. मला आज एवढंच म्हणायचं आहे, की वास ही शरीरानं दिलेली खबर असते आणि ती ज्याची त्याला पोचवणं हे जवळच्या माणसाचं काम आहे.

आधी रोजच्या गोष्टी. तोंडाला वास आला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं : ‘पोट साफ नसेल.’ मग चूर्ण सुरू होतं. खरं तर दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत कारण तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावरचा पांढरा थर, सुजलेल्या हिरड्या, किडलेली दाढ, रात्री न काढलेली कवळी. तिथले जंतू अन्नाचे कण कुजवतात आणि गंधकयुक्त वायू तयार होतात. त्यामुळे उपायही तिथेच : जीभ मागपर्यंत साफ करायची, दातांच्या फटींतून दोरा फिरवायचा, तंबाखू आणि मशेरी सोडायची आणि दंतवैद्याकडे जायचं. तोंड कोरडं पडलं तरी वास वाढतो, आणि आपल्या वयात सुरू होणाऱ्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. टॉन्सिलच्या खाचांत पांढरे खडे साठतात, तेही एक कारण. त्यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर.

घामाचं म्हणाल, तर ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथी वयात येताना काम करू लागतात, आणि त्यांच्या स्रावावर त्वचेवरचे जंतू जगतात. वास येतो तो त्यातून. म्हणून काख धुण्याइतकीच कोरडी ठेवणं महत्त्वाचं. पॉलिस्टरचे कपडे सुतीपेक्षा जास्त वास धरून ठेवतात. आपल्या आजोबांची तुरटी अगदीच जुनाट नाही. घाम रोखणाऱ्या आजच्या मलमांतही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. डिओ बऱ्याचदा वास फक्त झाकतो.

आता ज्या वासांवर अत्तर मारून चालत नाही, ते वास.

माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा असताना खूप पाणी प्यायला लागला, रात्री दोन-तीनदा उठायला लागला, वाळला. उन्हाळा आहे, वाढीचं वय आहे, असं सगळे म्हणत राहिले. एके दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आई म्हणाली, ‘याच्या तोंडाला फळ सडल्यासारखा वास येतोय.’ ते वाक्य ऐकून डॉक्टरांनी तिथल्या तिथे बोट टोचून रक्त तपासलं. साखर चारशेच्या वर होती. इन्शुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन तयार होतात, आणि त्यातला ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा जो वास, तोच. त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. आज तो बारावीत आहे, इन्शुलिन घेतो आणि फुटबॉल खेळतो. उपास किंवा कमी कर्बोदकांचं डाएट करणाऱ्यांनाही असा हलका वास येतो, तो वेगळा. पण सोबत तहान, उलट्या, धाप, गुंगी असेल तर घरी थांबू नका.

श्वासाला लघवीसारखा वास आला तर मूत्रपिंडं, गोडसर-कुबट वास आला तर यकृत तपासावं लागतं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड येत असेल, तर आत बहुधा हरभरा, मणी नाहीतर खोडरबराचा तुकडा असतो. इथल्या शिक्षकांना हे नवीन नसेल!

काही आजार जन्मजात असतात. नॉर्वेमध्ये बोर्ग्नी एगेलंड नावाच्या आईला आपल्या दोन मतिमंद मुलांच्या अंगाला विचित्र वास येतो असं वाटायचं. तिनं अनेक डॉक्टरांना विचारलं, कुणी लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये आस्ब्योर्न फ्योलिंग या डॉक्टरांनी तिचं ऐकलं आणि मुलांची लघवी तपासली. त्यातून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार सापडला. त्या मुलांच्या मेंदूचं नुकसान तोवर होऊन गेलं होतं. पण आज अनेक देशांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हा आजार वेळेत ओळखतात, आणि आहार सांभाळून मूल नीट वाढतं. एका आईनं विचारणं सोडलं नाही, म्हणून.

दुसरा एक आजार आपल्या मेथीच्या लाडवांशी जोडलेला आहे. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये नवजात बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो. तो ज्या सोटोलोन द्रव्याचा, तेच मेथीतही असतं. आईनं मेथी खाल्ल्यामुळे बाळाला तसा वास येऊन डॉक्टरांना या आजाराची शंका आल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा लाडू खाल्लेत हे डॉक्टरांना जरूर सांगा. पण बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, तर ‘मेथीचाच असेल’ असं घरी ठरवू नका.

आणि मत्स्यगंधा आठवते ना, महाभारतातली? खरोखर कुजक्या मासळीसारखा वास येणारा आजार आहे : ट्रायमिथाइलअमिन्युरिया. आतड्यात तयार होणारं एक द्रव्य मोडणारं यकृतातलं विकर कमी पडतं आणि ते घाम, श्वास, लघवीतून बाहेर येतं. दिवसातून चारदा आंघोळ केली तरी जात नाही. अशा माणसाला जन्मभर ‘अस्वच्छ’ ऐकावं लागतं. लघवीच्या तपासणीत निदान होतं. अंडी, कलेजी, समुद्री मासे कमी करून आणि किंचित आम्लधर्मी साबण वापरून बराच आराम पडतो. पथ्य मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

याची दुसरी बाजूही सांगते. काहींना आपल्या अंगाला वास येतो असं सतत वाटतं, पण इतर कुणालाच तो येत नाही. ती माणसं घराबाहेर पडणं सोडतात. त्यांनाही मदत लागते, मानसोपचारतज्ज्ञांची.

शेवटी, सांगायचं कसं? एकट्याला गाठून, थोडक्यात. ‘तुला कळलं नसेल म्हणून सांगते, गेल्या महिन्यापासून तुझ्या श्वासाला वेगळा वास येतोय, एकदा दाखवून घे.’ चारचौघांत नाही, विनोद करून नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. आणि कुणी आपल्याला सांगितलं तर रागावायचं नाही.

इतक्या वर्षांनी आपण एकमेकांना अजून ‘अगं’, ‘अरे’ म्हणतो आहोत. हे सांगायचा हक्क त्यातच आला. मला काही जाणवलं तर मी सांगीन, तुम्हीही मला सांगा.

आता जेवायला चला, कांदा-लसूण भरपूर आहे असं ऐकते!