पैसे कधी येतील, सिस्टर?
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी आरोग्य सेविका होते. सरकारी कागदावर एएनएम, गावाच्या तोंडी 'सिस्टर'. माझी बहुतेक नोकरी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात गेली. गरोदर बाईची नोंद करायची, तिचं रक्त, वजन, रक्तदाब तपासायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि तिला सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी पाठवायचं, हे माझं काम. त्याच्या जोडीला आणखी एक काम हळूहळू वाढत गेलं. गरीब घरातल्या गरोदर बाईला सरकारकडून जे पैसे मिळतात, त्याचे अर्ज भरायचं. आज त्या पैशांविषयीच बोलणार आहे.

हे पैसे काही काल सुरू झालेले नाहीत. १९९५ साली राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीनशे रुपये, पुढे ते पाचशे झाले. २००५ मध्ये तिची जागा जननी सुरक्षा योजनेनं घेतली. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईनं दवाखान्यात बाळंतपण केलं, तर खेड्यात ७०० आणि शहरात ६०० रुपये. तेव्हा आम्ही चेक वाटायचो. बाईचं खातं नसायचं. ते उघडायला बँकेत ओळख देणारा माणूस लागायचा. ओली बाळंतीण काखेत पोर घेऊन जीपमधून तालुक्याला जायची. दोन-तीन खेपा झाल्या की त्या सातशेतले पैसे भाड्यातच जायचे. शिवाय सुरुवातीला अट होती, वय एकोणीस पूर्ण पाहिजे आणि दोनच बाळंतपणांना मदत. म्हणजे सतरा-अठराव्या वर्षी लग्न लावून दिलेली पोर आणि चौथ्या खेपेची थकलेली बाई, जिला सर्वांत जास्त जपायचं, तीच यादीतून बाहेर. २०१३ मध्ये ही अट निघाली.

मग २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये, तीन हप्त्यांत, थेट बाईच्या खात्यात. मला मनापासून आनंद झाला होता. सातशे कुठे आणि पाच हजार कुठे! आता बाईला दोन महिने तरी घरी बसवता येईल, असं वाटलं.

२०१८ च्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या गावातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फडात राबून फेडायची असते. त्या वर्षी एक वीस वर्षांची सून पहिलटकरीण होती. पाचवा महिना चालू. अंगात रक्त कमी. मी तिला म्हटलं, "बाई, यंदा जाऊ नकोस. मोळ्या उचलणं तुला झेपायचं नाही." सासूही शेजारी होती. त्या पोरीनं मला शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुमचे पैसे कधी येतील ते सांगा. त्या हिशेबानं थांबते."

मला उत्तर देता आलं नाही.

तिचा अर्ज मी स्वतः भरला होता आणि तो परत आला होता. आधार कार्डावर तिचं माहेरचं नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत तर तिचं स्वतःचं नावही बदलतात. संगणकाला या दोघी वेगळ्या बाया वाटतात. नाव दुरुस्त करायला तालुक्याला जायचं, विवाह नोंदणीचा दाखला आणायचा, पुन्हा अर्ज करायचा. तोवर मुकादमाचा ट्रक दारात उभा राहिला. ती गेली. मी माझ्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असं लिहिलं. माझा अहवाल त्या महिन्यात बिनचूक होता.

जानेवारीत, आठव्या महिन्यात, ती कोपीतच बाळंत झाली. पोर पावणेदोन किलोचं. नवऱ्यानं मध्यरात्री गाडी शोधून दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. पोराला सव्वीस दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. वाचलं, हे त्याचं आणि तिथल्या नर्सांचं नशीब आणि कष्ट. पण जितके दिवस दोघं दवाखान्यात होती, तितके दिवस मुकादमानं खाडा धरला. एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा उचल फिटायची बाकीच होती. नावाची दुरुस्ती झाली आणि श्रावणात पहिल्या दोन हप्त्यांचे मिळून तीन हजार रुपये तिच्या खात्यात जमा झाले. पोर तेव्हा रांगत होतं. ते पैसे मुकादमाकडे गेले.

श्रोतेहो, कागदावर ही यशस्वी 'केस' आहे. लाभार्थीला लाभ मिळाला. पण पैसे ज्यासाठी होते ते झालं का?

हे पैसे नेमके कशासाठी आहेत, हे आपण विसरतो. पुष्कळ लोकांना वाटतं की सरकार पोर झालं म्हणून बक्षीस देतं. तसं नाही. योजनेच्या कागदातच लिहिलंय, की बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी आणि बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळावी. हा विचार आपल्या मुंबईत फार जुना आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बायांसाठी होता. शेतात, फडात, वीटभट्टीवर, लोकांच्या घरी राबणारी बाई बाहेरच राहिली.

मी सरकारी नोकर. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला पगारी रजा मिळाली. पोराला अंगावर पाजत मी घरी बसले आणि महिन्याच्या महिन्याला पगार आला. त्याला कुणी बक्षीस म्हटलं नाही, हक्कच म्हटलं. २०१७ मध्ये नोकरदार बायांची ही रजा कायद्यानं बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. फार चांगलं झालं. पण त्याच वर्षी मजूर बाईला मिळाले पाच हजार. हिशेब करून पाहा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. त्या दरानं पाच हजार म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. एकीला १८२ दिवस, दुसरीला सोळा. आणि तेही वेळेवर आले तर! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान सहा हजारांचा शब्द दिलेला आहे. त्यातले पाच इथून आणि उरलेले जननी सुरक्षेतून, अशी सरकारनं जुळणी केली. तमिळनाडूनं १९८७ मध्ये अशी मदत तीनशे रुपयांपासून सुरू केली आणि २०१८ मध्ये ती पोषक वस्तूंसह अठरा हजारांपर्यंत नेली. म्हणजे मनात आणलं तर राज्याला करता येतं.

योजनेत सुधारणा झाल्या, त्याही सांगायला हव्यात. २०२२ पासून पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार दोन हप्त्यांत मिळतात. नोंदणी आणि एक तपासणी झाली की तीन हजार, बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीचं लसीकरण झालं की दोन हजार. नवऱ्याच्या आधारची सक्तीही गेली. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार एकदम मिळतात. मुलीचं स्वागत व्हावं हा हेतू चांगला आहे. पण हे सहा हजार मिळतात बाळंतपण झाल्यावर. पोटात मुलगा की मुलगी हे आईला ठाऊक नसतं, आणि मोळीचं वजन तर दोन्हींना सारखंच.

तीच पोर २०२३ मध्ये दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली. या वेळी कागद नीट होते, सहा हजार तीन महिन्यांतच आले. पण मला वाटतं ते वेगळंच. त्या हंगामात ती घरी राहिली, कारण तिच्या जागी पन्नाशी उलटलेली सासू कोयत्यावर गेली. म्हातारी मला म्हणाली, "सिस्टर, मागल्या वेळी पोर मरता मरता वाचलं. यंदा तिला नाही धाडलं." मुलगी अडीच किलोच्या वर भरली. सुनेच्या विश्रांतीचे पैसे त्या सासूनं आपल्या पाठीच्या कण्यानं भरले.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे, की यातले निम्म्याहून अधिक पैसे, पहिली खेप असो वा दुसरी, सातवा महिना लागायच्या आत बाईच्या हातात पडावेत. अर्ज परत आला तर तो का परत आला हे तिला त्याच आठवड्यात कळावं. आणि ती फडावर गेली तर तिची नोंद तिच्यामागोमाग तिथल्या दवाखान्यात जावी.

सरकार करील तेव्हा करील. आपल्याला काय करता येईल? तुमच्या घरी धुणीभांडी करायला येणारी बाई, शेतावरची मजूर, बांधकामावरची बाई गरोदर असेल, तर तिला विचारा, नोंद झाली का? दिवस राहिल्याचं कळताच आशाताईकडे किंवा अंगणवाडीत जायचं. माता-बाल संरक्षण कार्ड घ्यायचं. आधार आणि पासबुकावरचं नाव एकच आहे का ते पाहायचं, आणि बँकेत जाऊन आधार खात्याला जोडलंय याची खात्री करायची. दारिद्र्यरेषेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, यांतलं काही जवळ ठेवायचं. घरात लग्न झालं की आहेर मोजायच्या आधी सुनेच्या नावाचे कागद करून घ्या. आणि हेही लक्षात असू द्या, की २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरापासूनची ने-आण, सगळं मोफत आहे. तिथे कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

तो पावणेदोन किलोचा मुलगा आता शाळेत जातो. मला पाहिलं की "सिस्टर आल्या" म्हणून ओरडतो. त्याच्या आईनं २०१८ च्या दसऱ्याला मला जे विचारलं होतं, ते दर हंगामाला कुणीतरी, कुठल्यातरी उपकेंद्रात विचारतच असणार. माझ्या जागी आलेल्या पोरीला त्याचं उत्तर देता यावं, तारखेसकट, एवढीच इच्छा आहे.