कोल्हापूर ते मुंबई : हवेंतील सरळ रेषा



कोल्हापुराहून मुंबई किती दूर आहे, या साध्या प्रश्नास तीन निरनिराळीं उत्तरें मिळतात आणि तीं तिन्ही खरीं असतात. आगगाडीच्या हिशेबानें हें अंतर सुमारें ५१८ किलोमीटर भरतें. सातारा-पुणें रस्त्यानें मोटारीनें गेल्यास तें पावणेचारशें किलोमीटरच्या आसपास येतें. परंतु उजळाईवाडीच्या विमानतळापासून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत नकाशावर पट्टी ठेवून रेषा ओढली, तर ती सुमारें ३०८ किलोमीटरच निघते; म्हणजे जुन्या मापानें १९१ मैल, आणि वैमानिकांच्या भाषेंत १६६ सागरी मैल.

आगगाडीचा आंकडा इतका फुगतो याचें कारण मौजेचें आहे. मुंबई कोल्हापूरच्या वायव्येस. पण १८९१ सालीं सुरू झालेला संस्थानचा लोहमार्ग पूर्वेस मिरजेला जाऊन मिळाला. त्यामुळें महालक्ष्मी एक्स्प्रेसनें निघालेला उतारू आरंभीं सुमारें तासभर पूर्वेकडे धांवत असतो आणि मुंबईच्या तसूभरहि जवळ येत नाहीं!

सरळ रेषा मात्र कोणाची भीडमुर्वत धरीत नाहीं. ती उजळाईवाडीहून निघते तों जोतिबाचा डोंगर डाव्या हातास राहतो. वारणा ओलांडून ती पाटणच्या आसमंतांत येते. पुढें कोयनेचा शिवसागर, त्याच्या कांठावरचें वासोट्याचें अरण्य, मग जावळीचें खोरें. प्रतापगड उजव्या अंगास ठेवून ती सह्याद्रि उतरते, महाडाजवळून जाते, रायगडास उजवीकडे दुरून नमस्कार करते, आणि पेणवरून खाडी ओलांडून मुंबईंत शिरते. ज्या मुलुखांत वाटा रोखून धरणें हाच एके काळीं राजकारणाचा प्राण होता, त्याच मुलुखावरून ही रेषा बिनदिक्कत जाते, हें मला मोठें अर्थपूर्ण वाटतें. पृथ्वी गोल असल्यामुळें दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग वस्तुतः एक कंस असतो. परंतु एवढ्याशा अंतरांत कंस आणि सरळ रेषा यांत भेद करण्याचें कारण नाहीं.

आतां विमान खरोखरच या रेषेनें जातें काय? तंतोतंत नाहीं. कोल्हापूरची धावपट्टी साधारणपणें पूर्व-पश्चिम आहे. विमान वाऱ्याला तोंड देऊन उठतें; म्हणजे तें पूर्वेकडे उठो कीं पश्चिमेकडे, मुंबईचा रोख धरण्यासाठीं त्यास जवळजवळ काटकोनांत वळावें लागतें. तिकडे मुंबईसहि बहुतेक वेळां पूर्वेकडून येऊन पश्चिमाभिमुख उतरावयाचें असतें. तेव्हां दोन्ही टोंकांस वळसा आलाच. ताशीं ५०० किलोमीटर वेगानें ३०८ किलोमीटर कापावयास सदतीस मिनिटें पुरेत; पण वेळापत्रकांत सुमारें तासभर धरतात तो याच कारणानें. शिवाय जमिनीवर सरपटत जाण्याचा वेळ निराळा.

येथेंच खरी अडचण आहे. आपले लोक अधिकाऱ्यांपुढें गाऱ्हाणें मांडतात तें असें कीं, ‘अंतर इतकें थोडें, मग विमान कां नसावें?’ वास्तविक थोडें अंतर हेंच विमान कंपनीला नकोसें असतें. विमानाचें इंधन उंच चढतांना सर्वांत झपाट्यानें जळतें. दिल्लीला जाणारें विमान एकदां वर गेलें कीं बराच वेळ त्या उंचीचा लाभ घेतें. कोल्हापूरचें विमान पुरतें वर पोहोंचतें न पोहोंचतें तोंच त्यास उतरावयास लागावें लागतें. त्यांतून मुंबईस दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळीं एकच वापरांत असते. उतरण्याच्या एका घटकेवर पावणेदोनशें उतारूंचें मोठें विमानहि हक्क सांगतें आणि सत्तर उतारूंचें लहानहि. कोणास झुकतें माप मिळत असेल, हें सांगावयास ज्योतिषी नको.

कोल्हापूरचा विमानतळ छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींतला, म्हणजे १९४० पूर्वींचा. इतकी जुनी परंपरा असूनहि मुंबईची विमानसेवा येथें अनेक वेळां सुरू झाली आणि अनेक वेळां बंद पडली. २०१६ सालीं केंद्र सरकारनें ‘उडान’ योजना जाहीर केली. कांहीं जागांचे दर बांधून द्यावयाचे आणि येणारी तूट तीन वर्षें सरकारनें भरून काढावयाची, अशी ती योजना. तिच्या आधारानें २०१८ पासून हा मार्ग पुन्हां चालू लागला. दरम्यान १३७० मीटरची धावपट्टी १९३० मीटर झाली. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवरील विरळ हवेंत विमानाला धांव अधिक लागते. म्हणून ही वाढ शोभेची नव्हे, गरजेची होती. माझें मत असें कीं, कोल्हापूरकरांनीं आतां अंतराचा मुद्दा सोडून द्यावा आणि मुंबईंत उतरण्याची सकाळची एक घटका मागावी. सकाळीं जाऊन सायंकाळीं परत येतां येत नसेल, तर विमान आणि रात्रीची आगगाडी यांत व्यापाऱ्याला फारसें डावेंउजवें उरत नाहीं.

मुंबईस जाण्याचें एक मोठें कारण तर नुकतेंच हलकें झालें. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांत काम करूं लागलें. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची पायपीट त्यामुळें वांचते. अशिलाला घेऊन रात्रीची गाडी गांठणारे वकील हे या मार्गाचे जुने उतारू. ते आतां कमी होतील.

राहिले रुग्ण, विद्यार्थी आणि व्यापारी. त्यांच्यापुढें नवाच पर्याय आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. हवेंतील रेषा तेथपर्यंत मोजली, तर ती सुमारें २८८ किलोमीटर भरते, म्हणजे वीसएक किलोमीटर कमी. तेथें जागा मोकळी, त्यामुळें उतरण्याची घटका मिळणेंहि सोपें. परंतु ज्याला परळच्या रुग्णालयांत आईला न्यावयाचें आहे, तो हवेंतील वीस किलोमीटर मोजणार नाहीं. विमानाच्या शिडीवरून उतरल्यावर परळपर्यंत टॅक्सीला किती वेळ लागेल, तेवढेंच तो विचारील.