छातीतलं उलटं झाड

आम्ही बचत गटातल्या बाया आज श्वासाच्या वाटेबद्दल बोलणार आहोत. चुलीपुढं बसलं की ठसका लागतो. "धूर आहे, चालायचंच," असं आपण म्हणतो. पण हा धूर आत कुठवर जातो, ते आज बघू.

गळ्याच्या खालच्या भागावरून हलकेच बोट फिरवा. कडक कड्या लागतील. ही श्वासनळी, १० ते १२ सेंटीमीटर लांब. कड्या कुर्चेच्या, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारख्या लवचीक असतात. त्यांच्यामुळं नळी मिटत नाही. मागं अन्ननलिका असते. म्हणून त्या बाजूला कडी अपुरी असते, घास उतरायला जागा मिळते.

छातीत या नळीला दोन फांद्या फुटतात, एक उजव्या फुप्फुसात, एक डाव्या. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडं हृदयाला जागा लागते. पुढं फांदीला फांदी फुटत सुमारे २३ वेळा वाट दुभंगते. जणू झाड उलटं टांगलंय: खोड वर, फांद्या खाली. शेंड्याला पानांऐवजी कोट्यवधी बारीक फुगे असतात. त्यांची भिंत इतकी पातळ, की हवेतला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात जातो.

या वाटेला राखण आहे. नळ्यांच्या आत चिकट ओल असते, धूळ तिला चिकटते. बारीक केस झाडूसारखे हलत ती धूळ वर गळ्याकडं ढकलतात. रोजच्या धुरानं हे केस मंदावतात, झडतात. मग कफ साचतो आणि तो काढायला खोकावं लागतं.

सगळ्यात बारीक नळ्यांना कड्या नसतात. आतून सूज आली की त्या आवळतात. छातीत शिट्टी वाजते, चढ चढताना दम लागतो. शेवटच्या फुग्यांत तर झाडूही नाही. धुराचे अगदी बारीक कण तिथपर्यंत पोचतात. वर्षानुवर्षं असं चाललं तर फुग्यांच्या भिंती फाटतात, आणि त्या पुन्हा सांधत नाहीत. विडी कधी न ओढलेल्या बाईलाही असा दम्यासारखा आजार होतो, तो याच वाटेनं.

सिलेंडर दरवेळी परवडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण जेव्हा चूल पेटवाल तेव्हा लाकूड वाळलेलं घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा, जमल्यास धुराडं बसवा. लेकराला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसू नका. त्याच्या नळ्या आपल्याहून अरुंद असतात, थोड्या सुजेनंही त्या बंद होऊ लागतात.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी तिथं मोफत होते. क्षय नसेल आणि दम लागतच असेल, तर फुंकून करायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. नळ्या किती आवळल्यात ते तीत कळतं.

घरातल्या सगळ्यांच्या दुखण्याकडं आपलं लक्ष असतं. आता आपल्या खोकल्याकडंही देऊ या.